बाजारचौकातलं टॉकीज: पत्र्यापासून पडद्यापर्यंतच्या कामाच्या नोंदी

आमचं गाव झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं, तालुक्याचं. बाजारचौकात काकांचं टॉकीज आहे. ६२० खुर्च्या, टिनाचं छत, वर बाल्कनी. मार्च २०२० मध्ये सगळीकडची थिएटरं बंद झाली तेव्हा हेही बंद झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यातली थिएटरं निम्म्या क्षमतेनं उघडली, पण आमचं शटर काही वर गेलं नाही. ते वर करायचं काम आता मी अंगावर घेतलंय. विदर्भात अशी कुलूपबंद टॉकीजं गावोगाव पडून आहेत. कुणाच्या डोक्यात हाच किडा वळवळत असेल तर खर्च आणि घोळ त्याला आधी कळावेत, एवढ्यासाठी या नोंदी.

९ फेब्रुवारी २०२५

कुलूप कापूनच उघडावं लागलं. आत वटवाघळं. त्यांची विष्ठा कोरडी झाडू नका, ती धूळ छातीत जाते. आधी फिनाईलचं पाणी शिंपडून ओली करायची, मग फावड्यानं ओढायची, आणि मास्क लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. दोन ट्रॉल्या घाण निघाली.

पडदा पिवळा पडलेला, डाव्या कोपऱ्यात फाटलेला. खुर्च्यांच्या प्लायवूडच्या बैठका उधईनं पार खाल्ल्यात, पण सागवानी हातांना तिनं तोंडही लावलेलं नाही. हात काढून नंबर टाकून ठेवले. बूथमध्ये दोन ३५ एमएमच्या मशिनी जागेवर आहेत. एका डालड्याच्या डब्यात तांब्याचा मुलामा असलेल्या कार्बन काड्यांची थोटकं सापडली; पूर्वी मशिनीत उजेडासाठी त्याच जळायच्या.

१६ फेब्रुवारी

ऑफिसच्या कपाटात डीसीआरची बाडं निघाली. डीसीआर म्हणजे रोजच्या गल्ल्याचा हिशेब: शो, वर्ग, किती तिकिटं, किती कर. काही उंदरांनी कुरतडली होती, बरीच वाचता आली. आमचे जुने ऑपरेटर काका शेजारी बसले आणि आम्ही दिवसभर पानं उलटत राहिलो. या कामातला सगळ्यात फुकटचा आणि सगळ्यात कामाचा दिवस हाच. तुमच्याकडे बाडं असतील तर रद्दीत घालू नका.

आपला भाग फिल्म धंद्याच्या भाषेत सीपी-बेरार सर्किट, म्हणजे सिनेमा वाटपाचा विभाग, आणि वितरकांची ऑफिसं अमरावतीला. प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच निघायच्या. मोठ्या शहरात चालून झिजल्या की मग आमच्याकडे यायच्या, कित्येक महिन्यांनी. पेट्या नागपूरहून नागभीडपर्यंत नॅरोगेजनं आणि पुढे एसटीच्या टपावरून. २००० फुटांचं एक रीळ साधारण २० मिनिटं चालतं. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरी मशीन सुरू करायची. कधी एकच प्रिंट दोन गावांत लावलेली असायची, तेव्हा इकडे संपलेलं रीळ मोटरसायकलवर तिकडे पळवायचं. "गाडी पंचर झाली की लोकं आमच्या मायबापाचा उद्धार करत," ऑपरेटर काका म्हणाले.

गल्ला कधी पडला ते पानांवर स्पष्ट दिसतं. १९८२ नंतर रंगीत टीव्ही आणि पाठोपाठ व्हिडिओ आला, तेव्हा पहिला धक्का. नव्वदीत केबल आली, तेव्हा रात्रीचा शो बसला. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा पाठवण्याची सोय निघाली आणि आमच्याकडेही ती पेटी बसली. नागपूरला ज्या शुक्रवारी, त्याच शुक्रवारी इथे. काही वर्षं धंदा पुन्हा उभा राहिला. मग २०१६ पासून फुकटचा डेटा हातोहात गेला आणि त्या शुक्रवारची मजाही गेली.

पण मला जास्त कामाची वाटली ती दुसरी गोष्ट. चांगल्या वर्षांतसुद्धा जुलैत रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की पानं रिकामी. आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, सुरू झाली की रात्रीचा शो मेलेला, कारण गावोगाव झाडीपट्टीची नाटकं. वडशाच्या नाटक कंपन्या रात्री दहाला पडदा उघडतात तो पहाटे पाडतात. त्यांच्याशी टक्कर घेऊन आमच्या टॉकीजनं कधीच पैसा कमावलेला नाही, बाडं तसंच सांगतात. तरी काका आयुष्यभर रोज चार शो लावत राहिले. म्हणजे शोचं वेळापत्रक सिनेमावर नाही, शेतीवर बसवायचं. हे ठरवूनच पुढे निघालोय.

२ मार्च

६२० च्या २८० खुर्च्या करायच्या. बाल्कनी बंद, खालचा थर्ड क्लास काढून तिथे मोकळी जागा.

काका तापले. "निम्म्याहून जास्त खुर्च्या काढून राहिला तू? लोकं काय म्हणतीन?"

बाल्कनीला जिना एकच, तोही अरुंद. दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या घालून वाट अडवली होती, धुरात लोकांना बाहेर पडता आलं नाही. हे काकांना सांगितलं. ते गप्प झाले, पण पटलं त्यांना वेगळ्याच हिशेबानं: बाल्कनी उघडायची तर दुसरा जिना बांधावा लागेल, आणि त्याला पाच लाख.

२० मार्च

कागदपत्रं. लायसन १९५३ च्या सिनेमा कायद्याखाली, जिल्हाधिकारी कार्यालयातून. त्यासाठी इमारतीचा मजबुती दाखला, विद्युत निरीक्षकांचा दाखला, अग्निशमनाचा ना-हरकत, शिवाय आरोग्य. क्रम महत्त्वाचा आहे. मजबुतीचा दाखला आधी घ्या, बाकीचे सगळे तोच मागतात. आमची फाईल एका टेबलावरून परत आली, कारण नकाशा ६२० खुर्च्यांचा आणि अर्ज २८० चा. नवा नकाशा काढून घेण्यात बरेच दिवस गेले. सगळे दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजेत. आमचे दोन आत उघडत होते, बिजागऱ्या उलट करून घेतल्या.

वीजबिलाची जुनी थकबाकी जोडणीबरोबर येते हे विसरू नका. बंद टॉकीजचाही स्थिर आकार चढतच राहतो.

१२ एप्रिल

छत. हॉल ४५ बाय ९०. जुनी टिनं गंजून चाळण झालेली, खाली गोणपाट ताणून चुना मारलेलं छत. ते सगळं उतरवलं, नवे रंगीत पत्रे टाकले आणि खाली ५० मिलिमीटर ग्लासवूल. मजुरीसकट सव्वाचार लाख. उन्हं अशी की पत्र्याला हात लावता येत नाही. काम पहाटे पाचला सुरू, दहाला बंद. एप्रिल-मेत छताचं काम काढू नये असं सगळेच सांगतात, पण पावसाळ्यात ते काढताच येत नाही, मग दुसरं करणार काय.

१० मे

कूलर. एसीचा विचारच केला नाही, वीजबिल झेपलं नसतं. चार मोठे डक्ट कूलर, वाळ्याच्या जाळ्या. बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी, म्हणजे कूलर पळायलाच पाहिजे. दारं लावून चालवले. अर्ध्या तासात आत धान उकडायच्या हंड्यासारखी वाफ.

कूलर जेवढी ओली हवा आत ढकलतो तेवढी बाहेर काढायची वाटच नव्हती. कूलरवाल्यानं कूलर विकले, एक्झॉस्टचं नावही काढलं नाही. पडद्याच्या विरुद्ध भिंतीला उंचावर सहा एक्झॉस्ट बसवले, ३६ हजार. आता आत शर्ट सुका राहतो. पावसाळ्यात मात्र कूलर बंद ठेवून फक्त पंखे आणि एक्झॉस्ट.

१८ जून

पहिला पाऊस. टॉकीजमध्ये जाऊन उभा राहिलो. शेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटर काकांचं बोलणं ऐकू येईना.

ग्लासवूलनं आवाज थांबेल अशी समजूत होती. ते हलकं असतं. हवेतला घुमारा शोषतं, पण पत्र्यावर पडणाऱ्या थेंबाचा दणका लोखंडी पर्लिनमधून, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांमधून, सरळ खाली येतो. त्याला वजन लागतं, आणि ते वजन पर्लिनला थेट चिकटलेलं चालत नाही. जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येऊ देता, रबरी पॅड घातलेल्या टांगण्यांवर. आणखी पावणेतीन लाख, जे अंदाजपत्रकात नव्हते. छताचं वजन वाढतंय म्हणून मजबुतीच्या दाखल्याच्या इंजिनिअरला पुन्हा बोलवावं लागलं.

आता धो-धो पावसात बारीक संवाद बुडतो, पण मारामारी ऐकू येते. आपल्याकडच्या पावसात याहून जास्त अपेक्षा नाही.

२९ जून

भिंती. गावातले सल्ले: अंड्याचे ट्रे लावा, तणसाचे गठ्ठे लावा. ट्रे काही कामाचे नाहीत आणि तणस म्हणजे सरपण. रॉकवूलचे बोर्ड लावून वरून कापड, असं ठरलं. नागपूरला गांधीबागेतून मरून रंगाचं छान कापड आणलं. दुकानदार म्हणाला, आग धरत नाही.

वीतभर पट्टी कापून अंगणात चिमट्यानं धरली आणि खालून काडी लावली. दोन सेकंद काही नाही. मग कड आक्रसली, काळी पडली आणि पेटते थेंब खाली टपकायला लागले. खालच्या वाळक्या पानालाही त्यांनी आग लावली. पॉलिस्टर. तो तागा आता काकूंच्या घरी गाद्यांना लागलाय. भिंतीला काचतंतूचं कापड लावलं. रंग करडा, दिसायला रुक्ष, पण काडी लावली तर नुसतं काळं पडतं. कापड कुठूनही घ्या, दुकानात बोलण्यावर जाऊ नका, घरी आणून जाळून पाहा.

जुलै

रोवणे. गवंडी, सुतार, हेल्पर, सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. काम बंद.

३ ऑगस्ट

प्रोजेक्टर. मराठवाड्यातल्या एका बंद पडलेल्या टॉकीजमधून २के प्रोजेक्टर, सर्व्हर (सिनेमाच्या फायली चालवणारं यंत्र) आणि साउंडचा सगळा संच जुना घेतला, पावणेसात लाखांत. झेनॉन दिवा २ किलोवॅटचा. हा दिवा थंड असतानाही आतून दाबाखाली असतो, हातातून निसटला तर फुटतो. काचेचा मुखवटा आणि जाड हातमोजे घालूनच हात लावा. ऑपरेटर काका उघड्या हातानं धरायला निघाले होते, त्यांना ओरडून थांबवलं. कार्बनच्या काळातला माणूस, त्याला काचेची भीती नाही.

मोठा फटका सर्व्हरमध्ये होता. सर्व्हरच्या ज्या कार्डावर सिनेमा उघडण्याचं सुरक्षा प्रमाणपत्र असतं त्याला एक बॅटरी असते. यंत्र वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिलं, बॅटरी मेली आणि प्रमाणपत्र पुसलं गेलं. नवं कार्ड दोन लाखांच्या वर. बंद टॉकीजचा माल घेताना सर्व्हर तिथेच सुरू करून दाखवायला लावा. सुरू होत नसेल तर त्याचा पैसा शून्य धरा.

१० ऑगस्ट

चित्र पडद्यावर आलं, पण वर अरुंद आणि खाली रुंद. आमचा बूथ बाल्कनीच्याही वर, यंत्र बरंच खाली वाकवावं लागतं. ३५ एमएममध्ये ऑपरेटर काकांनी मशीनच्या गेटमधली पट्टी कानशीनं घासून कडा सरळ केल्या होत्या. डिजिटलमध्ये तसं घासायला काही नाही. लेन्स शिफ्टनं, म्हणजे लेन्स वर-खाली सरकवून, थोडं सावरलं. उरलेलं पडद्याची चौकट वरून मागे झुकवून आणि कडेला काळं कापड थोडं आत ओढून झाकलं.

लेन्स घेण्याआधी टेपनं मोजा. आमचं अंतर ८० फूट, चित्राची रुंदी २८, म्हणजे ८० भागिले २८, साधारण २.८६. हा आकडा ज्या लेन्सच्या मर्यादेत बसतो तीच चालते.

पडद्यावरचा उजेड मोजला. तो फूट-लॅम्बर्टमध्ये मोजतात; प्रमाण १४, आमचा ९. पडदा तर नवा, मग दिव्यावर संशय. दिवा बदलायचा म्हणजे चाळीस हजारांच्या वर. त्याआधी बूथच्या खिडकीची काच काढून पाहिली. साधी खिडकीची, हिरवट, आतून तेलकट. काच नसतानाच माप बरंच वाढलं. रंगहीन काच किंचित तिरपी बसवली, यंत्राचे आरसे कारागिराकडून साफ करून घेतले. आता १२ च्या वर आहे. बाकीचं दिवा बदलेन तेव्हा.

१७ ऑगस्ट

स्पीकरमधून सतत घुंईऽ. तारा बदलल्या, अॅम्प बदलला, काही फरक नाही. वायरमननं शेवटी अर्थिंग मोजलं: १८ ओहम. जुना खड्डा टॉकीजच्या मागे, वर फरशी घातलेली, आत कोरडी ठणठणीत माती. नवा खड्डा दहा फूट, जीआय पाईप, कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी घालायला फनेल. साउंड आणि प्रोजेक्टर दोघांना त्याच एका अर्थला जोडलं. माप २ च्या आत आलं, घुंई गेली. सगळा खर्च नऊ हजार. उन्हाळ्यात या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं काम गेटकीपरकडे दिलंय.

लाखालाखाच्या खर्चात लोकांना पहिल्यांदा जाणवलेली सुधारणा या नऊ हजारांची आहे.

२५ ऑगस्ट

पोळ्याच्या पाडव्याला, तान्हा पोळ्याच्या दिवशी, फुकट चाचणी शो ठेवला. पोरं लाकडी बैल घेऊन थेट चौकातून आत. खुर्च्या भरल्या, कडेनं लोक उभे राहायला लागले, त्यांना बाहेर काढणं जड गेलं.

शोच्या वेळेला सर्व्हरनं सिनेमा उघडायला नकार दिला. प्रत्येक सिनेमाच्या फायलीला केडीएम लागते, म्हणजे डिजिटल किल्ली. ती ठरावीक तारखा-वेळेपुरती आणि ठरावीक सर्व्हरच्या प्रमाणपत्रापुरतीच चालते. आमचं कार्ड बदलल्यानं प्रमाणपत्र नवं, आणि किल्ली बनवणाऱ्यांच्या यादीत अजून जुनं. सुटीचा दिवस, तिकडे फोन उचलायला कुणी नाही.

"काहून जी, बंद पडलं का पुन्हा?" मागून एक म्हातारा. पुन्हा हा शब्द झोंबला.

सोबत चाचणीसाठी काही बिनकुलपाच्या फायली होत्या, त्यांना किल्ली लागत नाही. त्यातली वन्यजीवांची वीस मिनिटांची फिल्म लावली. वाघ दिसला तशी पोरं ओरडली. ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यातल्या माणसाला पडद्यावरच्या वाघाचं काय कौतुक, असं वाटलं होतं. तीच फिल्म दोनदा लावावी लागली.

कार्ड बदललं की नवं प्रमाणपत्र वितरकाला आणि किल्ली बनवणाऱ्या लॅबला दोघांना पाठवा, पोच मागा, आणि किल्ली शोच्या आदल्या दिवशी सर्व्हरमध्ये टाकून फाईल उघडते का ते बघा. त्याच दिवशी नाही.

२६ सप्टेंबर

तिकिटाचा भाव. १ जुलै २०१७ ला करमणूक कर जीएसटीत गेला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर या महिन्यापर्यंत १२ टक्के होता, २२ तारखेपासून ५. शंभरच्या वर १८ तसाच. आम्ही सरसकट ८० ठेवतोय. ८० मध्ये आधी ८ रुपये ५७ पैसे कर जायचा, आता ३ रुपये ८१ पैसे. उरलेल्या ७६ मधला साधारण निम्मा वितरकाचा.

लाईट असली तर एका शोला ३०-३५ युनिट. जनरेटरवर गेलो तर १२ लिटर डिझेल. पगार धरून चाळीस माणसं आली की शो अंगावर येत नाही. जनरेटर लागला की पन्नासच्या वर लागतात. एमजीवर, म्हणजे किमान रकमेची हमी देऊन, सिनेमा घेणार नाही हे आधीच ठरवलंय. काकांचं शेवटचं कर्ज एमजीतूनच झालं होतं.

३१ ऑक्टोबर

दिवाळीत लायसन हातात आलं आणि भाऊबीजेला पहिला तिकिटाचा शो लागला. १६३ तिकिटं. दुसऱ्या दिवशी ४१. धान कापणी सुरू झाली आणि एक शो अकरा तिकिटांवर चालवला. तिकीट काढलंय तर शो दाखवायचा, हा काकांचा जुना नियम तेवढा मी ठेवलाय.

बायकांच्या संडासाला पाण्याचा जोर नाही, टाकी चार फूट उंच घ्यावी लागेल. पहिल्या दिवशी एवढी एकच तक्रार आली, पण सगळ्या बायकांकडून आली. तक्रार रास्त होती. आम्ही छत, प्रोजेक्टर, साउंड बघत राहिलो आणि संडास शेवटी ठेवला. जी बाई एकदा परत गेली ती घरच्या चार माणसांसकट परत जाते.

१६ नोव्हेंबर

मंडई सुरू. बाडांनी सांगितलं होतं तसंच, रात्री चौक ओस आणि सगळे नाटकाच्या मंडपात. होळीपर्यंत रात्रीचा शो बंद. दुपारी बारा आणि तीन एवढेच, कारण शेवटच्या एसटीआधी खेड्यावरच्या माणसाला सुटता आलं पाहिजे. आठवडी बाजाराच्या दिवशी तीनचा शो अडीचला घेतला, तेव्हापासून त्या दिवशी साठ-सत्तर तिकिटं जातात. सकाळची वेळ शाळांना दिलीय, चाळीस रुपयांत, सोबत मास्तर फुकट.

नाटकवाल्या एका कंपनीनं विचारलं, पावसाळ्यात तालमीला हॉल देता का. जुलै-ऑगस्टमध्ये तसाही तो रिकामाच. भाडं ठरायचंय. पडद्यापुढचा मंच आठ फूट खोल आहे, त्यांना बारा पाहिजे. पडदा मागे सरकत नाही, म्हणून मंच पुढे वाढवायचा आणि पहिल्या दोन रांगा नटबोल्टवर, काढता-घालता येतील अशा करायच्या. सुताराला बोलावलंय, पण तोही सध्या एका नाटकात हार्मोनियमवर आहे, मंडई संपल्यावर येतो म्हणाला.

३५ एमएमच्या दोन्ही मशिनी खाली लॉबीत आणून ठेवल्यात. भंगारवाला ४२ रुपये किलोनं मागत होता. कुणाला सुटे भाग लागत असतील, स्प्रॉकेट किंवा लेन्स, तर येऊन बघून घ्या. मशिनी पूर्ण मात्र देणार नाही, ऑपरेटर काका रोज तेल घालतात.